साम्राज्याविरुद्ध दोनशे शब्द

वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांच्या सदरात साधारण दोनशे शब्दांची जागा मिळते. तेवढ्या जागेत साम्राज्यवादाविरुद्ध काय आणि कसं लिहायचं, ते मी इथे सांगते आहे. मी गोव्यातल्या साखळी गावच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात लिहिणाऱ्यांचा एक छोटा गट जमवला. त्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, एक अंगणवाडी सेविका आहे, खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावा लागलेला एक तरुण आहे, कॉलेजच्या दोन मुली आहेत. लेखक म्हणून कुणाचंही नाव झालेलं नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही.

नवीन माणूस आला की एक प्रश्न हमखास विचारतो. "बाई, अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन एवढी मोठी राष्ट्रं. साखळीतून लिहिलेलं पत्र त्यांना कुठे पोचणार?"

मी त्याला म्हापशाची हकिकत सांगते. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी तिथे एका डॉक्टरांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. बोलता बोलता एका वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच, असा सूर लावला. पंगतीतले डॉ. पुंडलिक गायतोंडे एवढंच म्हणाले, की मी निषेध करतो. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आलं. त्या काळी गोव्यात जे काही छापायचं ते आधी सेन्सॉरकडे जायचं, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा. ज्या राजवटीकडे फौज होती, आरमार होतं, तुरुंग होते, ती एका वाक्याला आणि एका लग्नपत्रिकेला का घाबरत होती? परकी सत्ता चालवायला कारकून, शिक्षक, दुकानदार, शिपाई या सगळ्यांनी गप्प राहावं लागतं. सत्ताधारी देशातल्या सामान्य माणसांनीही गप्प राहावं लागतं. ती शांतता मोडणं हे आपलं काम, आणि ते साखळीतूनही होतं.

एक विषय धरा

"साम्राज्यवाद" या विषयावर लिहू नका. त्यावर लिहिलेलं कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. एक बेट, एक खाण, एक करार, एक बंदर घ्या आणि त्याच्या मागे लागा.

एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीतला कारकून. फ्रेंच येत असल्यामुळे काँगोच्या मालाचे हिशेब त्याच्याकडे आले. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा काँगोवर खासगी मालमत्तेसारखा राज्य करत होता आणि तिथे आपण व्यापार आणि सुधारणा आणल्या, असं जगाला सांगत होता. मोरेलने अँटवर्पच्या धक्क्यावर आणि कंपनीच्या वह्यांत पाहिलं की काँगोतून रबर आणि हस्तिदंत भरभरून येतं, पण परत जाणाऱ्या जहाजांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा असतो. मोबदल्यात देण्याजोगा माल जवळजवळ नाहीच. म्हणजे तिथले लोक हे रबर विकत नव्हते, त्यांच्याकडून ते मारून-झोडून काढून घेतलं जात होतं. काँगोत पाऊलही न टाकता त्याने हे ताडलं. मग नोकरी सोडली, १९०३ मध्ये स्वतःचं साप्ताहिक काढलं, १९०४ मध्ये काँगो सुधारणेसाठी संघटना उभी केली. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेली, हात तोडलेल्या माणसांची छायाचित्रं गावोगावच्या सभांत दाखवली गेली. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडून द्यावा लागला. तो बेल्जियम सरकारच्या ताब्यात गेला, म्हणजे वसाहत संपली नाही. पण राजाची खासगी लूट थांबवायला लोकमत पुरेसं पडलं, आणि त्याची सुरुवात जमाखर्चाच्या वहीतून झाली.

आमच्या गटातल्या पोस्टातल्या काकांना ही गोष्ट फार आवडते. त्यांचं आयुष्य पावत्या आणि नोंदवह्यांत गेलं, आणि आमच्यात कागद सर्वांत चांगला त्यांनाच वाचता येतो. तुमचा धंदा कोणता, त्यावरून विषय शोधा. तारवावर नोकरी केली असेल तर बंदरं आणि तळ. खाणीवर असाल तर खनिज. नर्स असाल तर औषधांचे पेटंट.

गोव्यातही हेच दिसेल. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. त्यांनी हाती घेतलेल्या प्रश्नांपैकी एक होता आसामच्या चहामळ्यांवर नेल्या जाणाऱ्या गोव्यातल्या कुणबी मजुरांचा. स्वातंत्र्य, राष्ट्र हे मोठे शब्द त्यांच्याकडे होतेच, पण वाचकासमोर त्यांनी मजूर ठेवला. केप्यासारख्या गावातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई 'भारत' हे मराठी पत्र चालवत राहिले आणि सरकार त्यांच्यावर खटले भरत राहिलं. ही माणसं एकच गोष्ट धरून वर्षानुवर्षं बसली.

त्यांचेच कागद वाचा

साम्राज्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा साम्राज्याच्याच दप्तरात असतो. दादाभाई नौरोजींनी भारतातून संपत्ती कशी वाहून जाते हे दाखवताना ब्रिटिश सरकारने छापलेलेच आकडे वापरले. पोर्तुगालचं उदाहरण तर फार बोलकं आहे. एन्रिके गाल्व्हांव हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारातला वसाहतींचा वरिष्ठ अधिकारी. त्याने १९४७ मध्ये अंगोलातल्या सक्तीच्या मजुरीबद्दल अहवाल दिला, सरकारने तो दाबला आणि पुढे गाल्व्हांवला तुरुंगात टाकलं. शत्रूने केलेला आरोप झटकून टाकता येतो, आपल्याच तपासनिसाचा अहवाल झटकता येत नाही.

कागद मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. ब्रिटिश संसदेतली भाषणं, संयुक्त राष्ट्रांचे ठराव, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल घरबसल्या मोबाइलवर उघडतात. जुन्या गोव्यासाठी पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा, तिथे जुनी वर्तमानपत्रं आहेत. पोर्तुगीज वाचता येत नसेल तर गावातल्या एखाद्या वयस्कर आजोबांना विचारा. प्रिमेर, सेगुंद अशा पोर्तुगीज इयत्ता शिकलेली माणसं अजून आहेत आणि कुणी विचारलं की त्यांना आनंद होतो.

वही अशी ठेवा: डाव्या पानावर कागदातलं जसंच्या तसं वाक्य, तारीख, पान क्रमांक. उजव्या पानावर त्याच वाक्याचा अर्थ, घरात बोलतो त्या मराठीत. उजवं पान पत्रात जातं. डावं पान कुणी आव्हान दिलं की बाहेर काढायचं. ज्याला डावं पान नाही असं वाक्य पत्रात येऊ देऊ नका, कितीही खरं वाटलं तरी.

बातम्या वाचतानाही "हे कोण म्हणतो?" असा प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला विचारा. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तो तिथे महासंहारक शस्त्रं आहेत, असं सांगून. ती सापडली नाहीत. जगातल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी निनावी अधिकाऱ्यांचं म्हणणं छापलं होतं, आणि न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ रोजी आपल्या वार्तांकनातल्या त्रुटी स्वतःहून कबूल केल्या. तोवर युद्धाला वर्ष उलटून गेलं होतं. म्हणून युद्धाच्या आधीच्या दिवसांत आपण फार जागं राहायला हवं. त्या दिवसांत लिहिलेल्या एका शंकेच्या पत्राचं मोल नंतरच्या शंभर लेखांहून जास्त.

बाजारात सांगता येईल असं लिहा

पत्र वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, दुकानात उभा राहून त्यातली एक गोष्ट दुसऱ्याला सांगू शकला पाहिजे. लोकमत तयार होतं ते तिथे. छापलेलं पत्र ही फक्त सुरुवात.

ट्रक विकलेल्या आमच्या त्या तरुणाने चागोस बेटांवर पहिला मसुदा लिहिला तो असा सुरू होत होता: "क्रूर साम्राज्यवादी शक्तींनी निष्पाप मानवतेवर केलेल्या अमानुष अत्याचारांचा इतिहास रक्ताने लिहिला गेला आहे." त्याचा संताप अस्सल होता. पण हे वाचून पसरकाराला काय सांगणार? कोणी, कुठे, कधी, कुणाला, काय केलं, यातलं काहीच हाती लागत नाही. आम्ही सगळे मिळून बसलो, विशेषणं काढत गेलो, त्या जागी नाव, तारीख, वस्तू ठेवत गेलो. शेवटी पत्र असं झालं:

"संपादक महोदय,

गोव्याच्या जवळपास सरळ दक्षिणेला, सुमारे अडीच हजार किलोमीटरवर दिएगो गार्सिया हे बेट आहे. ते चागोस द्वीपसमूहात येतं. १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने या द्वीपसमूहातल्या सगळ्या रहिवाशांना बाहेर काढलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. बेट रिकामं करताना लोकांची पाळीव कुत्री गॅस देऊन मारली. माणसांना मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की ब्रिटनने या बेटांवरचा कारभार शक्य तितक्या लवकर थांबवावा. त्याच वर्षी २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी तशीच मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, ६ देशांनी विरोध केला. भारत बाजूने होता.

गोव्याच्या खासदारांना विनंती आहे, की त्यांनी लोकसभेत विचारावं: मत दिल्यानंतर या लोकांना आपल्या घरी परतता यावं म्हणून भारताने काय केलं?"

या पत्रात एकही शिवी नाही, "साम्राज्यवाद" हा शब्दसुद्धा नाही. बेट कुठे आहे हे पहिल्या ओळीत गोव्यापासून मोजलं आहे, त्यामुळे वाचकाला आपला समुद्र दिसतो. आणि शेवटी कुणीतरी करण्यासारखं एक काम आहे. पत्र छापून आल्यावर बाजारात लोकांनी त्या तरुणाला हटकलं ते कुत्र्यांवरून. "खरंच मारली? कशाला?" तिथून पुढे अर्धा तास तो तळाबद्दल, कराराबद्दल, मॉरिशसच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत राहिला आणि लोक ऐकत राहिले.

त्याच्या वहीच्या डाव्या पानावर आणखी एक नोंद होती, जी जागेअभावी पत्रात घेता आली नाही. १९६६ मध्ये लंडनच्या एका बड्या अधिकाऱ्याने टिपणात या बेटवासीयांचा उल्लेख टारझन आणि मॅन फ्रायडे, म्हणजे गोष्टीतला रानटी आणि गोष्टीतला चाकर, असा केला आणि त्यांना मॉरिशसच्या गळ्यात घालता येईल अशी आशा व्यक्त केली. मी गटाला ते टिपण मोठ्याने वाचून दाखवलं होतं. अंगणवाडीची सेविका बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाई, यांनी त्या बायकांची नावं तरी विचारली असतील का?" तिचं पुढचं पत्र तिथून निघालं.

पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात मी गटाला मुद्दाम नेते. तिथल्या भिंतींवर जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या निळ्या टाइल्स आहेत, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग. चित्रकाम सुंदर आहे आणि ते सुंदर आहे म्हणूनच नीट पाहायला हवं. साम्राज्य आपली कथा कशी सांगतं, मध्यभागी कोण उभं राहतं, कडेला कोण, नाव कुणाला मिळतं, हे तिथे शिकता येतं. आज ती वास्तू ज्यांचं नाव मिरवते त्या लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० मध्ये, सालाझारचा वसाहत कायदा आला तेव्हा, इथल्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला होता. तिथून परत आल्यावर प्रत्येकाने चित्रातल्या कडेच्या एका माणसाच्या बाजूने दहा ओळी लिहायच्या. छापण्यासाठी नाही, नजर तयार होण्यासाठी.

मोजमाप सगळ्यांना एकच

हे सांगितल्याशिवाय मी कुणालाही लिहायला बसवत नाही. इराकवर चाल करून गेलेल्या अमेरिकेबद्दल लिहायचं आणि युक्रेनवर चाल करून गेलेल्या रशियाबद्दल गप्प बसायचं, किंवा उलट, असं करणाऱ्याचं वाचक ऐकत नाहीत आणि ऐकूही नये. तिबेटचंही तेच. आफ्रिकेत हजारो एकर जमीन भाडेपट्ट्याने घेणाऱ्या भारतीय कंपन्या असतील तर तिथल्या गुराख्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न आपणच आधी विचारायचा.

आणि गोव्यात एक गोष्ट अधिक जपायची. पोर्तुगीज राजवटीवर लिहिता लिहिता काही जण शेजारच्या ख्रिस्ती माणसावर घसरतात. ते चूक आहे आणि अन्यायही. मिनेझिस ब्रागांझा, त्रिस्तांव कुन्हा, १९४६ मध्ये लोहियांना आसोळण्याच्या घरी ठेवून घेणारे आणि १८ जूनला मडगावच्या सभेला त्यांच्याबरोबर उभे राहणारे डॉ. जुलियांव मिनेझिस, रानातून मुक्तीचा रेडिओ चालवणाऱ्या लिबिया लोबो, ही सगळी ख्रिस्ती घरांतली माणसं. कुन्हांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, त्याच किल्ल्यात सालाझारने आपल्याच देशातल्या विरोधकांनाही कोंडलं होतं. पोर्तुगालची जनता आपली शत्रू नव्हती. ब्रिटनची, अमेरिकेची, रशियाची, चीनची जनताही नाही. मोरेलचे वाचक बहुतेक इंग्लंडातलेच होते.

"पोर्तुगीज काळात शिस्त होती, सगळं स्वस्त होतं" असं म्हणणारे वडीलधारे तुम्हाला भेटतील. त्यांच्यावर तुटून पडू नका. "त्या वेळी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध काय छापून यायचं, काका?" एवढं आदराने विचारा. आमच्याकडे त्या एका प्रश्नावर कितीतरी जुन्या आठवणी बाहेर आल्या, आणि त्यातल्या काही आम्ही त्यांच्या परवानगीने लिहून घेतल्या.

कुणासाठी, कोणत्या भाषेत

गोव्यात मराठी वाचणारा, देवनागरी कोकणी वाचणारा, रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोकणी वाचणारा आणि इंग्रजी वाचणारा असे वाचक वेगवेगळे आहेत. भाषेचा वाद इथे किती जुना आणि किती दुखरा आहे ते मला माहीत आहे, पण या कामात तो आणू नका. माझं पत्र मराठीत जातं. तेच टिपण मी सासष्टीतल्या एका मैत्रिणीला देते, ती रोमी कोकणीत स्वतःच्या पद्धतीने लिहिते, तिच्या वाचकांना ठाऊक असलेल्या गोष्टींनी सुरुवात करून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत जो गुप्त रेडिओ चालवला, तो कोकणीतही बोलायचा आणि पोर्तुगीजमध्येही. कोकणी इथल्या लोकांसाठी, पोर्तुगीज सरकारी नोकर आणि सैनिकांसाठी. ज्याच्यापर्यंत पोचायचं त्याची भाषा, हे त्यांना पहिल्यापासून पक्कं कळलं होतं. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर आम्ही ही हकिकत पूर्ण लिहिली होती.

तो फळाही विसरू नका. देवळाजवळ, बसस्टँडवर, पंचायतीसमोर जिथे लोक उभे राहतात तिथे परवानगी घेऊन रोज पाच ओळी लिहिता येतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर तारीख आणि मूळ कागद कुठे मिळेल ते खाली लिहा. तेवढं नसलेलं काहीही पुढे ढकलू नका, ते आपल्या बाजूचं असलं तरी.

नावाने लिहा, खाली गाव लिहा. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात कंपनी सरकारच्या लुटीवर लिहिलं ते "एक हिंदू" या टोपणनावाने, कारण कंपनीचं राज्य होतं. ज्याला खरोखर धोका आहे, नोकरीच्या अटी आड येतात, त्याने आजही टोपणनाव घ्यावं, मात्र संपादकाला खरं नाव आणि फोन नंबर कळवावा. बाकीच्यांनी स्वतःच्या नावानेच लिहावं. साखळीतल्या ओळखीच्या माणसाने लिहिलं आहे, हेच साखळीत वजनदार ठरतं. आणि कुणा व्यक्तीवर आरोप करायचा असेल तर कागदात आहे तेवढाच करा, एक शब्द जास्त नको.

विरोधात पत्र आलं तर एकदाच उत्तर द्या, मुद्द्यापुरतं. विरोधकाने चांगला मुद्दा काढला असेल तर तो मान्य करून पुढे जा. पत्र छापलं नाही तर थोडं बदलून दुसऱ्या पत्राला पाठवा. कात्रणं एका फाइलमध्ये लावा. खासदारांना लिहिलेल्या पत्राची पोचपावती त्याच फाइलमध्ये. कुन्हा १९५८ मध्ये मुंबईत वारले, गोवा मुक्त झाला त्याआधी तीन वर्षं. शेवटच्या वर्षांतही ते 'फ्री गोवा' काढत होते. इतक्या लांबचा हिशेब मनात धरूनच बसायचं.

आता विषय कुठून घ्यायचा ते सांगते. पोर्तुगाल १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि आपल्याकडे वसाहती नाहीतच, असं म्हणत राहिला. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने १५४२ क्रमांकाचा ठराव करून पोर्तुगालच्या ताब्यातल्या पण स्वशासन नसलेल्या प्रदेशांची नावं लिहिली. त्यात अंगोला, मोझांबिक होते आणि गोवाही होता. संयुक्त राष्ट्रांची तशी यादी आजही आहे आणि तिच्यात १७ प्रदेश आहेत: पश्चिम सहारा, ग्वाम, न्यू कॅलेडोनिया, फ्रेंच पॉलिनेशिया, बर्म्युडा, जिब्राल्टर आणि इतर. कॉलेजच्या मुलींनी न्यू कॅलेडोनिया घेतलं आहे, तिथलं निकेल आणि २०१८, २०२० आणि २०२१ ची तीन सार्वमतं यांचे कागद त्या गोळा करत आहेत. काकांनी पश्चिम सहाराचं फॉस्फेट घेतलं आहे. उरलेल्यांतून एक नाव निवडा, ते कुठे आहे ते नकाशावर गोव्यापासून मोजा, आणि वहीचं डावं पान भरायला घ्या.